रक्तस्रावाचा विकार असलेल्या रुग्णाची दाढ काढताना: नव्या दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक

निरोगी माणसाची दाढ काढल्यावर गॉजचा बोळा दाबून धरला की दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबते आणि दंतवैद्याच्या दृष्टीने काम तिथे संपते. हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात विकाराच्या) रुग्णाचे रक्तही बरेचदा असेच थांबते, आणि नवख्या डॉक्टरची फसगत नेमकी इथे होते. या रुग्णांच्या प्लेटलेट्स चांगल्या असतात, त्यामुळे जखमेवर पहिला तात्पुरता बांध घातला जातो. मात्र तो बांध पक्का करणारे फायब्रिनचे (गोठलेल्या रक्तातल्या धाग्यांचे) जाळे फॅक्टरच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या, अभावी कच्चे राहते. त्यातच लाळेत आणि तोंडाच्या अस्तरात गुठळी विरघळवणारी द्रव्ये भरपूर असल्याने हे कच्चे जाळे काही तासांत सुटू लागते. दुपारी कोरडे तोंड घेऊन घरी गेलेला रुग्ण रात्री उशीवर रक्त पाहून जागा होतो. म्हणून रक्त थांबणे आणि थांबून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या दिवसापासून मनात ठेवावे. पुढील सर्व पायऱ्या मुख्यतः दुसऱ्या गोष्टीसाठी आहेत.

विचारपूस: खुर्चीत बसवण्याआधीचे काम

निदान झालेला रुग्ण बहुधा स्वतःच आपला विकार सांगतो. खरा धोका ज्याला आपला विकार माहीतच नाही अशा रुग्णाचा असतो. सौम्य हिमोफिलिया किंवा फॉन विलेब्रांड विकार (प्लेटलेट्स जखमेला चिकटवणाऱ्या त्याच नावाच्या प्रथिनाची कमतरता किंवा दोष) असलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मोठा रक्तस्राव दाढ काढल्यावरच होतो, असे पुष्कळदा घडते. ‘तुम्हाला रक्ताचा काही आजार आहे का’ या प्रश्नाला असा रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देईल. त्यामुळे प्रश्न रोजच्या जगण्यातले विचारावेत. दुधाचे दात पडताना रक्त किती वेळ वाहिले? वारंवार घोळणा फुटतो का, आणि फुटल्यावर तो किती वेळाने थांबतो? मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात का? लहानपणी गुडघा किंवा कोपर वरचेवर सुजत असे का? सुंता झाली असल्यास त्या वेळी काय झाले? नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहिले होते का? हा शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो, पण फॅक्टर १३ च्या कमतरतेची ती ठळक खूण आहे.

त्यानंतर कुटुंबाची चौकशी करावी, आणि ती आईच्या बाजूने सुरू करावी. हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे मामा, मावसभाऊ आणि आईचे वडील यांच्याविषयी आवर्जून विचारावे. ‘मामा लहानपणीच गेला, पडल्याचे निमित्त झाले’ असे एखादे वाक्य ऐकू आले तर हातातले काम थांबवावे. मात्र सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा आजार नसतो, म्हणून स्वच्छ कौटुंबिक इतिहासावर विसंबून राहू नये. आईवडिलांचे लग्न नात्यात झाले आहे का, हेही विचारावे. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, आणि तीव्र फॉन विलेब्रांड विकार, ग्लान्झमानचा प्लेटलेट विकार किंवा फॅक्टर १३ ची कमतरता असे दोन्ही पालकांकडून येणारे विकार अशा कुटुंबांत अधिक आढळतात.

स्त्रियांना मासिक पाळीविषयी आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावाविषयी विचारताना संकोच करू नये. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाच्या आधारे या विकाराचे वर्णन केले. त्या कुटुंबातली जी मुलगी त्यांच्याकडे तपासणीसाठी आली होती, ती पुढे मासिक पाळीच्या रक्तस्रावानेच दगावली. हिमोफिलियाच्या वाहक स्त्रियांमध्येही फॅक्टरची पातळी कमी असू शकते, त्यामुळे ‘हा फक्त पुरुषांचा आजार’ हे वाक्य दाढ काढण्याच्या खोलीत तरी उपयोगाचे नाही.

तपासण्यांचे अहवाल वाचताना

प्लेटलेट्सची संख्या, आणि रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे दोन वेगळ्या पद्धतींनी मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी, या प्राथमिक तपासण्या कोणत्याही प्रयोगशाळेत होतात. हिमोफिलिया ए, म्हणजे फॅक्टर ८ ची कमतरता, आणि हिमोफिलिया बी, म्हणजे फॅक्टर ९ ची कमतरता, या दोन्हींत एपीटीटी वाढलेला असतो व पीटी सामान्य असतो. फॅक्टर ७ कमी असेल तर याच्या उलट चित्र दिसते. इथपर्यंत सर्वांना पाठ असते. अडचण येते ती सामान्य अहवालामुळे. सौम्य हिमोफिलियात आणि फॉन विलेब्रांड विकारात एपीटीटी सामान्य असू शकतो. फॅक्टर १३ च्या कमतरतेत पीटी आणि एपीटीटी दोन्ही हमखास सामान्य येतात. ग्लान्झमानच्या विकारात प्लेटलेट्सची संख्या पुरेशी असते, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. तेव्हा विचारपुशीत संशय आला आणि अहवाल मात्र सामान्य आला, तर विचारपुशीवर विश्वास ठेवून रुग्णाला रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून काढलेला ब्लीडिंग टाइम सामान्य आहे म्हणून दाढ काढायला घेऊ नये, कारण शस्त्रक्रियेनंतर किती रक्त जाईल हे त्यावरून कळत नाही.

हिमोफिलियाची तीव्रता फॅक्टरच्या पातळीवरून ठरते. १ टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ टक्के म्हणजे मध्यम आणि ५ ते ४० टक्के म्हणजे सौम्य. रुग्णाच्या रक्तात इन्हिबिटर, म्हणजे बाहेरून दिलेल्या फॅक्टरला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे, तयार झाली आहेत का, याची तपासणी अलीकडे झालेली असावी. ती झाली नसेल तर दाढ थांबवावी, कारण इन्हिबिटर असलेल्या रुग्णाला दिलेला नेहमीचा फॅक्टर अक्षरशः वाया जातो आणि ते कळते दाढ निघाल्यानंतर.

चिठ्ठी आणि वार

रक्तविकारतज्ज्ञाला नुसते ‘दाढ काढण्यास हरकत नाही ना’ असे लिहून पाठवू नये. किती दात काढायचे आहेत, कोणते, मुळे सरळ आहेत की वाकडी, हाड कापावे लागेल का, ब्लॉक (जबड्यातली मुख्य नस बधिर करणारी खोल भूल) द्यावा लागेल का आणि टाके घालणार का, हे सर्व चिठ्ठीत असावे. त्यावरूनच त्यांना फॅक्टरची मात्रा ठरवता येते. ही चिठ्ठी लिहिण्यापूर्वी स्वतःला एकदा विचारावे की दाढ काढणे खरोखर अटळ आहे का. या रुग्णांत रूट कॅनाल करून दात वाचवणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. दुधाचा दात हलत असेल आणि दुखत नसेल तर तो आपोआप पडू द्यावा.

दाढ सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी काढावी. रक्तस्राव परत होण्याची वेळ रात्रीची किंवा पुढच्या तीन-चार दिवसांतली असते, आणि त्या काळात रक्तपेढी, रक्तविकारतज्ज्ञ व आपण स्वतः हजर असणे आवश्यक आहे. शुक्रवारी संध्याकाळी किंवा गणपती-दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर अशी दाढ कधीही घेऊ नये. हिरड्या सुजलेल्या असतील तर एक-दोन आठवडे आधी साफसफाई करून घ्यावी, कारण सुजलेली हिरडी अधिक रक्त सोडते. त्यासाठी फॅक्टर लागेल का, हेही त्याच चिठ्ठीत विचारावे.

महाराष्ट्रात काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांच्या डे केअर केंद्रांत फॅक्टर मोफत दिला जातो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, आणि दुर्मीळ फॅक्टरांच्या तपासण्यांसाठी तिथे रुग्ण पाठवता येतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनच्या स्थानिक शाखाही रुग्णांना मार्ग दाखवतात. मात्र फॅक्टर मिळतो हे ऐकून तारीख देऊ नये. तो त्या दिवशी, त्या प्रकारचा आणि पुरेशा मात्रेत शिल्लक आहे का, आणि दुसऱ्या मात्रेची गरज पडली तर पुरेल का, हे स्वतः फोन करून विचारावे.

फॅक्टरचा हिशेब

मात्रा ठरवण्याचा अधिकार रक्तविकारतज्ज्ञाचा आहे, तरीही दंतवैद्याला हा हिशेब यायला हवा, कारण चूक पकडणारा तोच शेवटचा माणूस असतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे फॅक्टर ८ चे १ युनिट दिले तर रक्तातली पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. फॅक्टर ९ चे १ युनिट दिले तर ती जेमतेम १ टक्क्याने वाढते. समजा, तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या ६० किलो वजनाच्या रुग्णाची पातळी ५० टक्क्यांवर न्यायची आहे. तर ६० गुणिले ५० भागिले २, म्हणजे १५०० युनिट लागतील. हिमोफिलिया बी असता तर त्याच रुग्णाला किमान ३००० युनिट लागले असते. साध्या दाढेसाठी पातळी सहसा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत नेतात. हाडात रुतलेली अक्कलदाढ कापून काढायची असेल तर ५० ते ८० टक्क्यांची तयारी ठेवून पुढील काही दिवसांच्या मात्रांचेही नियोजन करतात.

हा फॅक्टर दाढ काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी शिरेतून सावकाश दिला जातो. फॅक्टर ८ चे अर्धायुष्य साधारण ८ ते १२ तासांचे असते, तर फॅक्टर ९ चे १८ ते २४ तासांचे. सकाळी ९ वाजता ५० टक्के असलेली फॅक्टर ८ ची पातळी रात्री ९ पर्यंत २५ टक्क्यांवर किंवा त्याखाली येते. रात्री उशीवर दिसणाऱ्या रक्तामागे हे साधे गणित असते.

तयार फॅक्टर नसेल तर क्रायोप्रेसिपिटेट (थोडक्यात क्रायो, गोठवलेल्या प्लाझ्मापासून रक्तपेढीत वेगळा केलेला घटक) वापरण्याची वेळ येते. त्यात फॅक्टर ८, फॉन विलेब्रांड फॅक्टर, फायब्रिनोजेन आणि फॅक्टर १३ असतात, पण फॅक्टर ९ नसतो. हिमोफिलिया बी च्या रुग्णाला क्रायोच्या पिशव्या लावून दाढ काढणे म्हणजे काहीही न देता दाढ काढणे होय. त्याला ताजा गोठवलेला प्लाझ्मा लागतो. केसपेपरवर नुसते ‘हिमोफिलिया’ लिहिलेले असेल तर ए की बी हे खात्रीने कळल्याशिवाय पुढे जाऊ नये, ते याचसाठी.

इतर विकारांविषयी थोडक्यात. टाइप १ फॉन विलेब्रांड विकारात आणि सौम्य हिमोफिलिया ए मध्ये डेस्मोप्रेसिन (शरीरात साठलेला फॅक्टर रक्तात सोडायला लावणारे औषध) प्रति किलो ०.३ मायक्रोग्रॅम या मात्रेत शिरेतून देतात. रुग्णावर त्याचा परिणाम होतो का, हे आधी एकदा तपासून पाहिलेले असावे, आणि त्या दिवशी पाणी मोजून प्यायला सांगावे, कारण रक्तातले सोडियम घसरू शकते. फॉन विलेब्रांड विकाराच्या टाइप २बी मध्ये ते टाळतात आणि टाइप ३ मध्ये त्याचा उपयोग नसतो. प्लेटलेट्स कमी असतील तर साध्या दाढेसाठी संख्या ५०,००० च्या वर असावी. ग्लान्झमानच्या रुग्णाला प्लेटलेट्स दिल्या की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, म्हणून तो निर्णय आपण घेऊ नये. इन्हिबिटर असलेले रुग्ण आणि एमिसिझुमॅबचे (फॅक्टर ८ चे काम करणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन घेणारे रुग्ण यांची दाढ सुसज्ज रुग्णालयातच काढावी. एमिसिझुमॅब घेणाऱ्याचा एपीटीटी सामान्य दिसतो, पण त्यावरून रुग्णाचे रक्त निरोगी माणसासारखे गोठते असा अर्थ काढू नये.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड

लाळेत गुठळी विरघळते हे सुरुवातीला सांगितले. त्यावरचा उपाय म्हणजे ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर दांपत्याने १९६२ मध्ये हे औषध जगापुढे आणले. ते नवी गुठळी तयार करत नाही, तर असलेली गुठळी विरघळू देत नाही, आणि तोंडासाठी हाच गुण मोलाचा आहे. माझ्या मते दंतवैद्याच्या हातातले हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे शस्त्र आहे.

प्रौढ रुग्णाला सहसा १ ग्रॅम दर आठ तासांनी तोंडावाटे देतात, लहान मुलांना प्रति किलो १५ ते २५ मि.ग्रॅ. या हिशेबाने. पहिली मात्रा दाढेच्या सुमारे दोन तास आधी द्यावी आणि औषध पाच ते सात दिवस चालू ठेवावे. तिसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटते आणि तो गोळ्या सोडतो, म्हणून शेवटच्या गोळीची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. लघवीतून रक्त जात असेल तर हे औषध देऊ नये, कारण मूत्रमार्गात गुठळी अडकते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्रा कमी करावी लागते. इन्हिबिटरसाठी सक्रिय प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (इन्हिबिटरला वळसा घालून रक्त गोठवणारे औषध) चालू असेल तर रक्तविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ते जोडीला देऊ नये.

गोळीबरोबर गुळणीही द्यावी. ५०० मि.ग्रॅ. ची गोळी बारीक करून १० मि.ली. पाण्यात मिसळली की ५ टक्क्यांचे द्रावण होते. ते दोन मिनिटे तोंडात नुसते धरून, न खळखळवता, हळूच बाहेर सोडावे. दिवसातून चार वेळा ही गुळणी करावी आणि नंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. थुंकता न येणाऱ्या लहान मुलाच्या जखमेवर याच द्रावणात भिजवलेला गॉज आईने धरावा.

भूल देताना

खालच्या दाढांसाठी दिला जाणारा ब्लॉक हा या सर्व कामातला सर्वांत धोक्याचा क्षण आहे, प्रत्यक्ष दाढ ओढण्याहूनही. सुई जबड्याच्या आत जिथे जाते तिथे रक्तवाहिन्यांचे जाळे असते. तिथे झालेला रक्तस्राव बाहेर दिसत नाही, बोळ्याने दाबता येत नाही आणि घशाच्या बाजूला पसरून श्वास अडवू शकतो. म्हणून फॅक्टर दिल्याशिवाय ब्लॉक देऊ नये, आणि जिभेच्या बाजूचे इंजेक्शनही देऊ नये. गालाच्या बाजूने दिलेली इन्फिल्ट्रेशनची (दाताजवळच्या हिरडीत औषध सोडून दिलेली) भूल आणि दाताच्या अस्थिबंधात दिलेली भूल या तुलनेने सुरक्षित आहेत. आर्टिकेन या भुलीच्या औषधामुळे खालच्या दाढेलाही गालाच्या बाजूने चांगली भूल देता येते. सुई बारीक असावी, टोचल्यावर मागे ओढून रक्त येते का ते पाहावे आणि औषध सावकाश सोडावे.

दुखण्यासाठी मांडीत किंवा कमरेत डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ती इथे दुहेरी चूक ठरते. स्नायूत टोचल्याने आत रक्त साठते आणि ते औषध प्लेटलेट्सचे कामही बिघडवते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक टाळून पॅरासिटामॉल द्यावे.

प्रत्यक्ष दाढ

हात हलका ठेवावा. हिरडी दातापासून नीट सोडवून घ्यावी, अनेक मुळांची दाढ ओढून झगडण्यापेक्षा ती कापून एकेक मूळ काढावे आणि हाडाला शक्यतो हात लावू नये. एका वेळी एक-दोन दातच काढावेत. दाढ निघाल्यावर सॉकेटच्या (दाढेच्या रिकाम्या खाचेच्या) तळाशी जुनी दाहयुक्त ऊती राहिली असेल तर ती खरवडून काढावी, कारण ती तशीच ठेवली तर झिरपत राहते. टोकदार हाड गुळगुळीत करावे. मग सॉकेटमध्ये ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज किंवा जिलेटिन स्पंज (रक्त थांबवायला मदत करणारे, आपोआप विरघळणारे पदार्थ) सैलसर बसवून वरून टाके घालावेत. टाके विरघळणाऱ्या धाग्याचे असावेत, म्हणजे ते काढताना नवी जखम होत नाही. साध्या रुग्णाला टाका लागत नाही म्हणून इथे तो वगळू नये. शेवटी ट्रॅनेक्सॅमिकमध्ये भिजवलेला गॉज वीस ते तीस मिनिटे घड्याळ लावून दाबून धरायला सांगावे. या वेळात रुग्ण दर दोन मिनिटांनी बोळा काढून पाहत असतो, त्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवावे.

रुग्णाला किमान एक-दोन तास नजरेसमोर बसवून ठेवावे. तीव्र विकार असेल किंवा गाव दूर असेल तर रात्रभर दाखल करावे. बीडहून पुण्याला आलेल्या माणसाने त्याच संध्याकाळी एसटीत बसणे योग्य नव्हे.

घरी पाळायच्या गोष्टी

पहिले चोवीस तास खळखळून चूळ भरू नये. ट्रॅनेक्सॅमिकचे पाणी त्या दिवशी नुसते धरून ओघळू द्यावे. गार आणि मऊ खावे: ताकभात, गार केलेली पेज, केळे. भाकरी, चिवडा आणि गरम चहा चार-पाच दिवस बाजूला ठेवावा. स्ट्रॉने पिऊ नये. तंबाखू आणि मशेरी पूर्ण बंद, आणि हे घरातल्या मोठ्या माणसासमोर सांगावे. जखमेत हळद, तुरटी किंवा लवंगेचे तेल भरू नये. झोपताना डोके उंच ठेवावे.

रक्त पुन्हा सुरू झाले तर

थोडी लालसर लाळ पहिल्या दिवशी चालते. मात्र बोळा अर्धा तास नीट दाबूनही रक्त येत असेल, किंवा सॉकेटवर काळपट, लिबलिबीत, यकृताच्या तुकड्यासारखी गुठळी फुगून बाहेर आली असेल, तर लगेच यायला सांगावे. ही गुठळी पाहून नवखा डॉक्टर ‘गुठळी झाली आहे, तिला हात नको’ असे म्हणतो. पण ती संरक्षण करणारी गुठळी नव्हे, तिच्याखालून रक्त झिरपतच असते. आधी फॅक्टरची व्यवस्था करावी, मग ती गुठळी काढावी, गालाच्या बाजूने भूल द्यावी, सॉकेट पुन्हा भरावे, टाके घालावेत आणि दाब द्यावा. हिमोग्लोबिन तपासावे, कारण रात्रभर गिळलेले रक्त कोणाच्या मोजणीत येत नाही.

जिभेखाली किंवा गळ्याला सूज, गिळायला त्रास, आवाजात बदल किंवा श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाने दवाखान्यात न येता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. तिथेही रक्तविकाराची गोष्ट सर्वांत आधी सांगावी. ही वाक्ये चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी आपण होऊन फोन करावा. सातव्या दिवशी जखम पाहावी. कोणता फॅक्टर किती युनिट दिला, किती वाजता दिला, भूल कोणती दिली, सॉकेटमध्ये काय भरले आणि कोणत्या दिवशी किती रक्त आले, हे सर्व केसपेपरवर लिहून त्याची एक प्रत रुग्णाच्या हातात द्यावी. पुढची दाढ कदाचित दुसऱ्या गावात, दुसऱ्या कोणाकडे निघेल.